डोळे दाखवायला नागपूर

नागपूरच्या बसस्थानकावर, तिकिटाच्या खिडकीसमोर, भर दुपारी माझं लुगडं खराब झालं. शहरात कॉलऱ्याची साथ होती. प्रवाशांना कॉलऱ्याची सुई टोचायला बसलेल्या माणसाने शिट्टी वाजवली, दोघांनी माझ्याभोवती पांढरी भुकटी टाकली आणि रांग अशी पांगली, की आयुष्यात पहिल्यांदा मला खिडकी मोकळी मिळाली.

"सकाळपासून किती वेळा, आजी? काय खाल्लं?" सुईवाल्याने लांबूनच विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच माझी धाकटी जाऊ कौसल्या बोलली, "शिळं चून (पिठलं) खाल्लं जी त्यायनं."

चून ताजं होतं. मला गर्भपिशवीचा कॅन्सर होता. मोठ्या दवाखान्यात शेक चालू होते. शेक म्हणजे यंत्रातून किरण सोडतात, ऊब काही लागत नाही. पंचवीसपैकी अठरा झाले होते. त्याने पोट बिघडणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पोटावर जांभळ्या शाईची चौकट आखली होती. ती पुसू द्यायची नाही आणि एकही दिवस चुकवायचा नाही, नाहीतर केलेलं वाया, असं बजावलं होतं. तीन आठवडे मी पोटाला पाणी लावलं नव्हतं. रविवारी शेक नसतो, म्हणून शनिवारचा घेऊन एक दिवस घरी जाऊन येणार होतो.

गावात आम्ही सांगून निघालो होतो, डोळे दाखवायला जातो. गर्भपिशवी हा शब्द कौसल्या बायकांतही काढत नसे. परपुरुषासमोर तर जीव गेला तरी नाही. त्याच लाजेपायी तिने सुईही चुकवली होती. परक्या माणसापुढे दंड कसा उघडा करायचा? मी टोचून घेत होते तेव्हा ती बसच्या मागून फिरून रांगेत जाऊन उभी राहिली.

साथीची गाडी आम्हाला इतवारीतून साथीच्या दवाखान्यात घेऊन गेली. धर्मशाळेत तीन आठवडे राहूनही भांड्यांचा बाजार पाहायचा राहिला होता, तो जाळीतून दिसला. हातगाड्या, टेम्पो आपणहून बाजूला होत होते. लग्नाच्या वरातीतही मला इतकी मोकळी वाट मिळाली नव्हती.

वॉर्डात आया बादली आणि काथ्या घेऊन आली.

"लुगडं सोड वं आजी. फिनेलच्या पाण्यानं सारं आंग धुवाचं हाय."

"पाय धू, पाठ धू. पोटाले हात लावू नको."

"काहून (का)? पोटाले सोनं बांधलं का?"

दारात तरुण डॉक्टर उभा होता. कौसल्याने माझा हात दाबला. "बाई, बोलू नका. दोन दिवसांत सोडतेत."

दोन दिवसांत शाई गेली असती आणि सोमवारचा शेकही. मी लुगडं खाली सारलं आणि पोट दाखवून ओरडले, "मले गर्भपिशवीचा कॅन्सर हाय! हे रेघ पुसली तं मी मरीन!"

आयाचा हात थांबला. समोरच्या खाटेवरची बाई हाताला सलाईन लावलेलं असूनही उठून बसली. "डॉक्टरसाहेब, इची खाट दूर न्या ना जी. आमाले लागन ते."

कॉलऱ्याच्या वॉर्डात सगळ्यांना भीती वाटली ती माझी. माझी खाट खिडकीशी नेली. तिथे वारा चांगला येत होता.

डॉक्टरने चौकट पाहिली. "स्टँडवर का नाही सांगितलं, आजी?"

मी कौसल्याकडे पाहिलं. ती स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत होती.

तपासणीचा कागद येईपर्यंत सोडता येणार नव्हतं. पण सोमवारी त्याच गाडीतून मला शेकाला नेलं. एकोणिसावा झाला. कागद आला, कॉलरा नव्हता.

हे दोन दिवस कौसल्या माझ्याजवळच राहिली. नर्सने उकळलेलं पाणी दिलं होतं. "मेल्यासारखं लागते," म्हणून ती कोपऱ्यातल्या माठातलं प्यायली. मी रागावले तर म्हणाली, "सारेच पिऊन राहिले ना बाई." सोमवारी संध्याकाळी मी गाठोडं बांधत असताना तिला उलटी झाली. मग जुलाब. डॉक्टरने किती वेळा झालं विचारलं, तर तिने तोंडावर पदर घेतला. आकडा मी सांगितला. मी उठलेल्या खाटेवरच तिला झोपवलं.

उरलेले सहा शेक मी एकटीने घेतले. परतताना तिची पिशवी मांडीवर होती. फाट्यावर उतरले तर चार पुरुष बसलेले. एकाने विचारलं, "काकू, डोयाले दिसते का आता?"

"डोये चांगलेच होते गा. मले गर्भपिशवीचा कॅन्सर होता."

चौघेही खाली पाहू लागले. पाहू दे. हे वाक्य कौसल्याने बसस्थानकावर म्हटलं असतं, तर आम्ही दोघी त्याच दुपारी घरी पोचलो असतो. मीही म्हटलं असतं तर. तोंड मलाही होतं.

कौसल्या बुधवारी पहाटे गेली. मी जगले.