हातांनी शिकलेलं इंग्रजी

हॉटेलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात कुणी तोंडाने बोलत नसे. कपडे धुण्याची यंत्रं, वाळवण्याची यंत्रं आणि चादरी दाबून काढणारा तो लांबलचक रोलर एकदा सुरू झाला, की शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी त्याला नुसते ओठ हललेले दिसायचे. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. कॉलरला बोट लावलं की साहेब येतायत. तळहात गालाला टेकवला की उशांचे अभ्रे कमी पडलेत. बंद मुठींची मनगटं एकमेकांवर आडवी ठेवली, की यंत्र बंद, काम संपलं, घरी चला. कुणाची सासू आली, कुणाचा नवरा रुसला, हेसुद्धा हातांनीच सांगितलं जाई, आणि हसू मात्र खरोखरीचं असे.

या खुणांपैकी निम्म्या मावशीच्या. मावशी म्हणजे भाचीची मावशी. पण भाचीही तिथेच कामाला लागल्यावर सगळा धुलाईखाना तिला मावशी म्हणू लागला. थोरली बहीण गेल्यावर तिची मुलगी हिने पदरात घेतली. स्वतःचं लग्न 'बघू पुढे' म्हणता म्हणता राहून गेलं. मोठ्या पंजांची, रुंद खांद्यांची बाई. बाहेर आली तरी तळघरात असल्यासारखी ओरडून बोलायची, आणि लोक दचकले की आपणच तोंडावर हात ठेवायची.

ओरडण्याचं खरं कारण निराळं होतं. तिचे कान जात चालले होते. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "त्या आवाजातून बाहेर पडा. नाहीतर आहे तेवढंही जाईल." बाहेर पडून जायचं कुठे? तेवढ्यात वरच्या मजल्यांसाठी एक सुपरवायझर नेमायची ठरली, आणि ती धुलाईखान्यातूनच घेऊ म्हणाले. वर गालिचे होते, शांतता होती. अट एकच: पाहुण्यांशी इंग्रजीत बोलता आलं पाहिजे. त्यासाठी हॉटेलने एक वर्ग काढला आणि शिकवायला मला बोलावलं. काम सुटल्यावर, यंत्रं निवत असताना, घड्यांच्या टेबलाभोवती आम्ही बसायचो.

सगळं बरं चाललं होतं, 'पुट' येईपर्यंत. पुट ऑन म्हणजे अंगात घालणं, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, पुट आउट म्हणजे विझवणं. रोलरवाला हैराण झाला.

"बाई, मागची शेपटी बदलली की अख्खा अर्थ बदलतो? हा शब्द आहे की सरडा?"

"आणि आपलं लागणं?" मी म्हटलं. "भूक लागते, ठेच लागते, दार लागतं, झोप लागते, लळा लागतो. परक्या माणसाने डोकं कुठे आपटायचं?"

"मला आधी नोकरी लागू दे वरती," मावशी ओरडली. "मग ठेचबीच लागली तरी चालेल!"

पण पाठ होईना. आणि एका संध्याकाळी तिने आपली युक्ती काढली. पुट ऑनला तिने बाहीत हात घातल्यासारखं केलं. पुट ऑफला चादरींची गाडी पुढे ढकलली. पुट आउटला चिमटीत वात विझवली. पुट अवेला उंच फळीवर घडी सरकवली. हात हलला की शब्द बाहेर पडायचा, अगदी बिनचूक. पुट अप विथ म्हणजे सोसणं. त्याला कुणालाच खूण सुचेना. मावशीने दोन्ही तळहात पुढे धरले, रोलरमधून निघालेली गरम चादर झेलताना धरतात तसे.

"चटका बसला तरी चादर खाली टाकायची नाही. तसं ना, बाई?"

मी म्हटलं, अगदी तसं.

घरी ती भाचीकडूनही असंच घोटून घ्यायची. भाचीने नाव दिलं होतं ते मावशी नापास झाली तर जागा बाहेर जाऊ नये म्हणून. तेही मावशीच्याच आग्रहाने. स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसत. भाचीची खूण अर्धवट झाली की मावशी तिची मनगटं धरून नीट करायची. "हात ढिला पडला की शब्द ढिला पडतो गं."

मुलाखतीला मी नव्हते. तिथे जे झालं ते कॅन्टीनवाल्याने सांगितलं. चहा द्यायला तो आत गेला होता, आणि गंमत बघायला थांब म्हणून साहेबांनी त्याला थांबवून घेतलं होतं.

टेबलापलीकडे साहेब होते, नेमणुका बघणाऱ्या मॅडम होत्या आणि मुख्य कचेरीतून आलेले एक पाहुणे. मॅडमनी पुट आउटचं वाक्य विचारलं. मावशीने चिमटीत वात विझवली आणि वाक्य सांगितलं. बरोबर होतं. पाहुण्यांना हसू फुटलं. "आणखी एक!" मावशीने गाडी ढकलली. तेही बरोबर. पाहुण्यांनी शेजारच्या खोलीतल्या कारकुनांना हाक मारली, आणि ते दारात दाटीवाटीने उभे राहिले. मावशीला वाटलं, आपलं चांगलं चाललंय. तिने न विचारता फळीवर घडी ठेवून दाखवली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता हात न हलवता. हॉटेलच्या पाहुण्यांसमोर असे हातवारे चालत नाहीत, बाई. हात मांडीखाली घ्या."

मावशी हातांवर बसली. मॅडमनी विचारलं, तिचे ओठ हलले, शब्द येईना. पुन्हा विचारलं. कपाळावर घाम आला, पण पुसायला हात नव्हता.

"बरं, काढा हात," पाहुणे म्हणाले. हात सुटले आणि शब्द आला. दारात खसखस पिकली.

"घाला."

गेला.

"काढा."

आला.

"अरे, हा तर नळ आहे!" साहेब म्हणाले. मग त्यांनी स्वतःच दोनदा उघडून बंद करून पाहिला. मावशी सगळ्यांबरोबर हसत होती. कॅन्टीनवाला म्हणाला, "बाई, मीही हसलो. आलं हसू, काय करू."

नंतर भाचीला बोलावलं. मावशी बाहेर बाकावर बसली. दार उघडंच होतं, पण तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. ओठ दिसत होते तेवढेच. भाचीने हात पाठीमागे घट्ट धरले होते. तिने सगळी वाक्यं सांगितली. शेवटी मॅडमनी विचारलं, "तुझी मावशी असं का करते गं?"

"अडाणी आहे हो ती," भाची म्हणाली. "खाली सगळे तसेच आहेत. मला आवडत नाही."

मॅडम हसल्या, त्यांनी बाहेर मावशीकडे बघून मान हलवली. मावशीनेही हलवली.

घरी जाताना तिने विचारलं, "मॅडम माझ्याकडे बघून काय म्हणाल्या गं?"

"तुझं कौतुक केलं."

मावशीने ते सगळ्या धुलाईखान्याला सांगितलं. पण कॅन्टीनवाला तिच्या आधी तळघरात उतरला होता.

तेव्हापासून तो खेळ झाला. चहाच्या सुट्टीत रोलरवाला मोठ्याने विचारायचा, "मावशी, मॅडमनी काय कौतुक केलं, सांगा की!" आणि मावशी सांगायची, कपबशी खाली ठेवून, हातांसकट. लोक एकमेकांना कोपरं मारत. "भाचीने काय सांगितलं तुमच्याबद्दल?" "चांगलंच सांगितलं असणार. माझ्या हाताखालची पोर ती!" मी रोलरवाल्याला एकदा रागावले. तो म्हणाला, "अहो बाई, तिला कुठे कळतंय? खूश असते बिचारी." हे मात्र खरं होतं. ती खूश होती. जागा भाचीला मिळाली तेव्हा तिने आपल्या पैशाने सगळ्यांना चहा पाजला. त्यांनी तो प्यायला.

भाची वर गेली आणि पुढे वेगळी खोली घेऊन राहू लागली. मावशीचं ओरडणं शेजाऱ्यांना ऐकू जातं म्हणे. मावशी आवाजातच राहिली, आणि डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. आधी पक्षी गेले, मग दारावरची थाप, मग माणसं. तळघरात त्याने काही अडलं नाही. उलट ती म्हणायची, "इथे मी बहिरी आहे हे मलाच आठवत नाही!" तिथे सगळेच बहिरे होते.

मग हॉटेलने धुलाईखान्याच्या भिंतीला मोठी काच बसवली. पाहुण्यांना आपली स्वच्छता दाखवायची होती. भाची खाली आली आणि तिने नवा नियम सांगितला: काचेपलीकडून दिसतं, तेव्हा हातवारे बंद. काही सांगायचं असेल तर जवळ जाऊन तोंडाने सांगा. ही सूचना तिचीच होती. साहेबांना फार आवडली.

मावशीला कुणीतरी काचेकडे पाठ फिरवून हातांनी चोरून सांगायचं, पण किती दिवस? चुकीच्या चादरी चुकीच्या मजल्यावर जाऊ लागल्या. एकदा ओल्या फरशीवर तिच्या मागून गाडी येत होती, लोक ओरडले, आणि ती सरकली नाही. पाय मोडता मोडता वाचला. साहेब भाचीला म्हणाले, "आता पुरे. तूच सांग तिला, तुझीच आहे."

भाची सकाळीच खाली आली. यंत्रं चालू होती. मावशी घड्या घालत होती. भाचीने समोर उभं राहून तोंडाने सांगितलं. मावशीने तिच्या ओठांकडे पाहिलं, मग सवयीने हातांकडे. हात पाठीमागे होते. भाचीने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मावशी ओशाळं हसली आणि कानाला हात लावून मान हलवली. सगळे काम सोडून बघत होते. भाचीने एकदा काचेकडे नजर टाकली. पलीकडे कुणी नव्हतं. मग तिने हात पुढे घेतले आणि घाईघाईने मनगटं एकमेकांवर ठेवली.

मावशीचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांनी पोर तिच्याशी हातांनी बोलली होती.

"अगं, अर्धवट काय करतेस?" ती ओरडली. "मुठी कुठायत? विसरलीस ना वरती जाऊन!" तिने भाचीचे हात आपल्या मोठ्या पंजांत घेतले, बोटं एकेक करून मिटली, मनगटं सरळ केली आणि एकमेकांवर घट्ट दाबून धरली. "हं. असं."

खूण पुरी झाली, आणि तेव्हा तिला अर्थ लागला: काम संपलं, घरी चला.

तिने हात सोडले नाहीत. तशीच धरून बघत राहिली. रोलरवाला हसला, मावशीचे हात हलले की हसायचं, ही त्याची सवयच झाली होती.