मार्था आत्या आणि झावळ्यांच्या रविवारचं गाढव

आत्याला जाऊन आज वर्ष झालं, आणि मला सगळ्यात आधी गाढव आठवतं.

यात तिचा अपमान नाही. तिलाही तेच आठवलं असतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. बिंदुसरेच्या धरणात तळ उघडा पडला होता. पालीच्या रस्त्याला सोसायटीने चारा छावणी उघडली होती आणि अर्धा तालुका जनावरं घेऊन तिथे राहायला गेला होता.

तरीही आमच्या चर्चने झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक काढायचं ठरवलं. प्रभू यरुशलेमेत गाढवावर बसून गेला, म्हणून आम्ही दर वर्षी वीटभट्टीवाल्याकडून एक गाढव उसनं आणायचो.

त्या वर्षी चर्चच्या सेक्रेटरींचा नातू प्रभू झाला होता. अंगावर पांढरी चादर, पायात स्पोर्ट्स शूज.

लोकांनी वाटेवर शिंदीच्या झावळ्या अंथरल्या.

गाढवाने त्या खायला सुरुवात केली.

मिरवणूक अडली. आम्ही कॉयरवाले होसान्नाच्या जयघोषाचं तेच गाणं पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. प्रभू वरून ओरडत होता, "आजोबा, हे चालंना."

सोमवारी चर्चचे लोक गाढव परत द्यायला गेले, तर भट्टी बंद आणि झोपडीला कुलूप. पाणी नाही म्हणून भट्टीवाला बायकापोरं घेऊन पुण्याकडे कामाला निघून गेला होता.

त्याने गाढव उसनं दिलं नव्हतं. आमच्या गळ्यात मारलं होतं.

त्याच संध्याकाळी कमिटी बसली. माणसांना प्यायला पाणी नाही, तिथे गाढव कोण सांभाळणार? लिंबागणेशच्या बाजूला नेऊन सोडून द्यावं, असं ठरत आलं. तिकडेही पाणी नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

आत्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेली. आवाज मात्र अजून वॉर्डातलाच. ती शेवटच्या बाकावरून म्हणाली,

"रविवारी होसान्ना आणि सोमवारी हाकला. प्रभूला मारायलासुद्धा लोक शुक्रवारपर्यंत थांबले होते."



मग कमिटीने खरंच शुक्रवारपर्यंत मुदत दिली. गुड फ्रायडेची उपासना झाली की गाढव बाहेर.

मंगळवारी आत्या गाढवाला घेऊन छावणीवर गेली. मी सोबत होते. लाजेने दहा पावलं मागून चालत होते.

सोसायटीचे चेअरमन आण्णा गेटवर खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी समजावून सांगितलं की छावणी गाई, बैल आणि म्हशींसाठी आहे, गाढवाला मंजुरी नाही, तपासणीत सापडलं तर सोसायटीची छावणी बंद होईल. वर विचारलं,

"एका गाढवासाठी कावून एवढं फिरायलाव, मार्थाबाई?"

"याच्यावर आमचा देव बसला होता, आण्णा."

"मग देवालाच मागा की चारा."

"त्याला मागितला. त्यानंच तुमच्याकडं पाठवलंय."

आण्णांनी तंबाखू थुंकली आणि गाढवाकडे बघितलं.

मग आत्या म्हणाली की मंजुरी नकोच, म्हशींनी तोंड लावून टाकलेलं तेवढं न्यायची परवानगी द्या. मेजाखाली पडलेल्या तुकड्यांवरही कोणाचं तरी पोट भरतं, ही बायबलमधली गोष्ट ती संडे स्कूलमध्ये आम्हाला दर वर्षी शिकवायची.

आण्णा म्हणाले, "उष्ट्याला कसली आलीय परवानगी. न्या."

उसाच्या उष्ट्या वाढ्यांचं पोतं रोज येऊ लागलं. चाऱ्याचं भागलं. पाण्याचं भागेना. आत्या आपल्या वाट्याची बादली गाढवापुढे ठेवायची आणि स्वतः ओल्या फडक्याने अंग पुसायची.

शुक्रवार आला. टँकर आला नव्हता. लाईट नव्हती.

प्रभू वधस्तंभावर जी सात वाक्यं बोलला त्यांना आम्ही सात शब्द म्हणतो; गुड फ्रायडेला आमच्याकडे त्यांच्यावर सात प्रवचनं होतात. पाचवा शब्द तहानेचा: 'मला तहान लागली आहे.' तो पाळकसाहेबांनी स्वतःकडे ठेवला होता.

ते फार सुंदर बोलत होते. कोरडे ओठ. टाळूला चिकटलेली जीभ. ऐकूनच घसा सुकत होता.

बाहेर आवारात बांधलेलं गाढव ओरडलं.

पाळकसाहेबांनी आवाज चढवला. गाढवानेही.

आम्ही कॉयरवाले गाण्यांच्या पुस्तकांमागे तोंडं लपवून हसत होतो. सेक्रेटरी घड्याळाकडे बघत होते. त्यांच्या हिशेबाने आणखी दोन प्रवचनं आणि मग सुटका.

शेवटी पाळकसाहेब थांबले. "मार्थाबाई, त्याला काय पाहिजे ते जरा बघा."

आत्या उभी राहिली.

"त्याला तहान लागलीय, पाळकसाहेब."

आणि खाली बसली. तिच्या वाट्याचं पाणी सकाळीच संपलं होतं.

हसणं कधी थांबलं ते कळलं नाही.

पाळकसाहेब पुलपिटावरून उतरले, बाजूच्या दाराने बाहेर गेले. त्यांच्या घरापुढच्या ड्रमचं झाकण वाजलं. त्या ड्रममध्ये आठवड्याचं पाणी होतं. खिडकीतून दिसलं, ते पांढऱ्या झग्यात, दोन्ही हातांनी बादली धरून वाकले होते. गाढवाने पाणी संपवलं आणि मग त्यांची बाही चघळायला घेतली.

ते परत आले. बाहीतून पाणी ठिबकत होतं.

"पाचवा शब्द झाला," ते म्हणाले. "सहावा घ्या."

उपासना संपली. गाढव बाहेर काढायचा विषय कोणी काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून घरटी एक तांब्या पाणी चर्चच्या आवारात येऊ लागलं. सेक्रेटरींच्या घरचा तांब्या नातू आणायचा.

पाऊस झाल्यावर भट्टीवाला परतला. त्याला आपलं गाढव ओळखू येईना, इतकं ते सुटलं होतं. आत्याने त्याला आधी शिव्या दिल्या, मग चहा.

आज सकाळी दफनभूमीत जाऊन आले. शेवंतीची फुलं ठेवली. माझी पाठ वळताच ती शेजारच्या बकऱ्यांनी खाल्ली.

आत्या, प्रभूजवळ निवांत राहा.

आणि तिथल्या दारावर जे कोणी असतील त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे: तिच्यासोबत आणखी कोणी आलं असेल, तर दोघांनाही आत घ्या. वाद घालून उपयोग होत नाही. आम्ही घालून बघितलाय.