दुसरी डुबकी

एलादियो ब्रितेस लाँच बांधताना इतरांच्या तिप्पट दोरी सोडायचा. तिग्रेच्या धक्क्यावरचे लाँचवाले त्याची टर उडवायचे. "काय ब्रितेस, बोट बांधतोयस की गाय चरायला सोडतोयस?" तो जास्तीची दोरी पाण्यात सोडायचा आणि डिझेल भरायला जायचा.

वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याने बापाची बोट आखूड दोरीने बांधली होती. त्या दिवशी आग्नेयेचा वारा सुटला. तो वारा ला प्लाता नदीचं रुंद पाणी उलटं ढकलतो आणि पाराना नदीच्या बेटांमधल्या सगळ्या फाट्यांचं पाणी चढू लागतं. पाणी चढलं, दोरी पुरली नाही, बोटीचं पुढचं टोक खाली ओढलं गेलं आणि बोट भरली. आत, टोपल्यांसाठी कापलेल्या वाळुंजाच्या काड्यांच्या भाऱ्यांमध्ये, धाकटा भाऊ आन्सेल्मो झोपला होता. एलादियोने डुबकी मारली. खाली तपकिरी अंधार होता. हाताला काही लागलं नाही. तो वर आला. काठावरून पळत येणारा बाप ओरडला, "परत जा!" एलादियोने धक्क्याचा खांब दोन्ही हातांनी धरला. तो परत गेला नाही. बापाने स्वतः उडी मारली, पण तोवर उशीर झाला होता.

त्यानंतरची एकेचाळीस वर्षं तो त्याच पाण्यावर जगला. लाकडी लाँच चालवली, गाळात रुतलेल्या बोटी कमरेइतक्या पाण्यात उतरून ढकलल्या, धक्क्याचे खांब बदलले. डोकं मात्र नदीच्या पाण्याखाली एकदाही घातलं नाही. केस धुवायचा ते टाकीतल्या पावसाच्या पाण्याने, बादली घेऊन. हे फक्त बायकोला, देल्फिनाला माहीत होतं.

त्या शनिवारी शहरातून बारा माणसं सहलीला आली. त्यांना आगगाडीने घेऊन आली ती मिकाएला. ही सव्वीस वर्षांची वाटाडी दोन वर्षं त्याच्याच लाँचवर काम करत होती. सकाळी तिने वर बघितलं आणि विचारलं, "काका, वारा कसा वाटतोय?"

"अजून बरा आहे."

"अजून म्हणजे?"

"चारच्या आत परत येऊ."

हवामान खात्याचा वादळाचा इशारा संध्याकाळनंतरचा होता. जायचं की नाही हे ठरवणं त्याचं काम होतं, आणि त्याने जायचं ठरवलं. पुढे तो हे कधी दुसऱ्या कुणावर ढकलत नसे.

प्रवाशांमध्ये लानुसचा एक खाटीक होता, ओस्वाल्दो. माणूस दरवाजाएवढा. दर वळणावर काहीतरी बोलायचा. "कप्तान, तिग्रे म्हणजे वाघ ना? गावाचं नाव वाघ, आणि सकाळपासून एक मांजरसुद्धा दिसलं नाही. हा काय प्रकार?"

"मांजरं शहाणी आहेत," मिकाएला म्हणाली. "वाऱ्याच्या दिवशी घरात बसतात."

लोक हसले. एलादियो हसला नाही. तो काठावरच्या खांबांकडे बघत होता. ओहोटीची वेळ झाली होती, पण पाणी उतरत नव्हतं.

जेवण त्याच्याच घरी असे. घर खांबांवर उभं, समोर लाकडी धक्का, धक्क्याला पाण्यात उतरणाऱ्या नऊ पायऱ्या. लाँच लागली तेव्हा सहा पायऱ्या कोरड्या होत्या. त्याने मोजल्या. दोरी नेहमीपेक्षाही लांब सोडली. देल्फिनाने एम्पानादांची, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्यांची, परात बाहेर आणली तेव्हा चार पायऱ्या उरल्या होत्या. लोक मांसाचे तुकडे निवडत होते तेव्हा दोन. वाळुंजांच्या फांद्या एका बाजूला वळल्या होत्या आणि पाऊस आडवा यायला लागला होता.

"म्हाताऱ्या, राहू दे सगळ्यांना इथेच," देल्फिना हळूच म्हणाली. "आहेत त्या गोधड्या पुरवू."

"मागच्या खेपेला घरात गुडघाभर आलं होतं. बारा माणसं कुठे बसवू? छपरावर?"

"आणि वाटेत काही झालं तर?"

"आतल्या फाट्यांनी पाऊण तासाचा रस्ता आहे."

"मी रस्ता विचारला नाही."

तिला काय विचारायचं होतं ते त्याला कळलं. तो लाँचकडे गेला.  

लोक चढले तेव्हा धक्का पाण्याखाली गेला होता. मिकाएला गुडघाभर पाण्यात उभी राहून मागच्या खांबाची दोरी सोडत होती. ठरलेली रीत अशी, की दोरी सुटली की ती चढणार, सगळी दोरी आत ओढून घेणार आणि ओरडणार, "आली!" ते ऐकल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. रीत एलादियोनेच घालून दिली होती. दोन वर्षांत ती एकदाही मोडली नव्हती.

त्या दिवशी मिकाएलाचे पाय फळीवर टेकलेले त्याने बघितले आणि गिअर टाकला.

"काका, थांबा!"

दोरीचा मोठा भाग अजून पाण्यात होता. लाँचच्या पाण्याखालच्या पंख्याने तो धरला. खालून कुणीतरी दात खावेत तसा आवाज झाला, लाँच हादरली आणि इंजिन बंद पडलं. इंजिनाचा आवाज गेल्यावर वारा किती मोठा आहे ते सगळ्यांना ऐकू आलं.

पाण्याने लाँच उचलली आणि फाट्यातून वर न्यायला सुरुवात केली. एलादियो पुढे धावला आणि त्याने नांगर टाकला. दोर ताणला, धरला, थोडा सरकला, परत धरला. त्याने काठावरचं एक वाळुंज आणि त्यामागची पत्र्याची टाकी एका रेषेत धरली. मनात वीस मोजले. टाकी झाडाच्या आडून बाहेर आली होती. खाली मऊ गाळ होता. नांगर ओढला जात होता.

मागे पन्नासेक हातांवर जुन्या लाकूड गिरणीचा धक्का होता. एरवी त्याचे खांब माणसाच्या उंचीएवढे वर असत, प्रत्येकातून लोखंडी बोल्ट बाहेर आलेले. आता तिथे नुसतं पाणी दिसत होतं. प्रवाशांना तिथे काहीच नाही असं वाटत होतं. खांब कुठे कुठे आहेत ते एलादियोला माहीत होतं.

मिकाएलाने वायरलेसवर मदत मागितली. "दीड तास लागेल म्हणतात. सगळीकडून बोलावणी आहेत."

"दीड तास नाही आपल्याकडे."

"किती आहे?"

"अर्धा. तोही नसेल."

 मग तिने जाकीट काढलं. "मला पोहता येतं. सुरी द्या."

ती हे सहज म्हणाली.  लाँचचा मागचा भाग लाटेबरोबर वर जात होता आणि आपटत होता. त्याखाली डोकं सापडलं तर नारळासारखं फुटेल. पंख्याची पाती कुठे, ती फिरवणारा कणा कुठे, हे तिला बोटांनी ओळखता आलं नसतं. त्याला आलं असतं. तिला 'जा' म्हणणं सोपं होतं. तोंडात शब्द आलाही होता.

"जाकीट घाल," तो म्हणाला.

त्याने बूट काढले, सुरी मनगटाला बांधली आणि कमरेला दोर घेतला. दुसरं टोक खाटकाच्या हातात दिलं. "दोनदा ओढलं की वर घ्यायचं."

"अर्धा बैल एका हाताने उचलतो मी," ओस्वाल्दो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "तुम्ही तर कोंबडीएवढे आहात, कप्तान."

पाणी बर्फासारखं होतं. एलादियो सुकाणूला धरून छातीपर्यंत उतरला, श्वास घेतला आणि खाली गेला.

तोच तपकिरी अंधार. त्याच क्षणी तो वर आला. दोर ओढलासुद्धा नव्हता. त्याने दोन्ही हातांनी सुकाणू धरलं आणि तो तसाच राहिला. 

"काय लागलं हाताला?" ओस्वाल्दोने विचारलं.

"काही नाही."

"मग?"

 एलादियोला काठावरचा बाप ऐकू येत होता. काठावर कुणी नव्हतं. वर मिकाएलाने परत जाकिटाच्या बटणाला हात घातला होता. ते त्याने बघितलं. बोटं सुकाणूवरून सुटत नव्हती. त्याने एकेक करून सोडवली, गंजलेला नट सोडवावा तशी. उजव्या हाताची पाच, मग डाव्या हाताची.

तो परत खाली गेला.

डोळे मिटूनच काम केलं. पहिल्यांदा कणा लागला, मग पातं, मग दोरी. ती पाच-सहा वेढे बसून, घासून, वितळून लाकडासारखी कडक झाली होती. बाहेरून कापत गेलं तर दिवस मावळला असता. त्याने वेढ्यांखाली सुरीचं टोक घातलं आणि आतून बाहेर रेटलं. चार रेटे बसले की श्वास संपायचा. वर, दोन श्वास, परत खाली. एकदा लाँच खांद्यावर आदळली आणि हात बधिर झाला. त्याने सुरी दुसऱ्या हातात घेतली. भीती कुठे गेली नव्हती. ती तिथेच, त्याच्या शेजारी, पाण्यात होती. पण चार रेटे मोजायचे होते, आणि त्याने ते मोजले.

सातव्या डुबकीत शेवटचा वेढा सुटला. ओस्वाल्दोने त्याला फळीवर ओढून घेतलं, तेव्हा गिरणीचा पहिला खांब लाँचच्या कडेपासून दोन हातांवर होता. लाटेच्या खळग्यात त्याचा बोल्ट एकदा दिसला. प्रवाशांनीही तो बघितला.

इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. नांगराचा दोर त्याने सरळ कापून टाकला. अंधार पडायच्या आत सगळे तिग्रेला पोचले. उतरताना ओस्वाल्दोने एलादियोचा हात हातात घेतला. त्याला काहीतरी विनोद करायचा होता, पण जमला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरल्यावर एलादियो घरी आला. जास्तीची दोरी त्याने आधीसारखीच ठेवली, फक्त पाण्यात न सोडता खांबावरच्या खिळ्याला वेटोळं करून टांगली. देल्फिना पायऱ्यांवरचा गाळ खरवडत होती. तिने त्याच्याकडे बघितलं. खांदा काळानिळा झाला होता. मग तिने त्याची टोपी काढली. केसांच्या मुळाशी नदीचा तपकिरी गाळ वाळून बसला होता.

तिचा हात टोपीवर तसाच राहिला.

"किती वेळा?" तिने विचारलं.

"सात."

"दुसऱ्यांदा गेलास?"

"गेलो."

तिने त्याला पायरीवर बसवलं आणि टाकीतून बादली भरून आणली. त्याने मान खाली घातली. पाणी डोक्यावर पडलं तसं त्याने दोन्ही हातांनी पायरीची कड घट्ट धरली. ते तिला दिसलं. ती थांबली, मग हळू हळू, थोडं थोडं पाणी ओतत राहिली.