हॉटेलचं नाव विणलेले सहा टॉवेल

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी सात वर्षं एक्स्पोर्टची कागदपत्रं करायचो. करकंबहून शिकायला सोलापुरात आलो, बी.कॉम. झालो, इंग्रजीत बऱ्यापैकी मेल लिहिता यायचा. एवढ्या भांडवलावर नोकरी लागली. आमचा माल परदेशातल्या हॉटेलांना जायचा. पांढरे, जाड, लुसलुशीत टॉवेल, आणि काठाजवळच्या पट्ट्यात त्या त्या हॉटेलचं नाव विणलेलं. नाव असलेला एकही नग ऑर्डरीशिवाय कारखान्याबाहेर जाता कामा नये, असा नियम होता. एखाद्या टॉवेलात दोष निघाला, तर चेकिंगच्या टेबलावर त्याचे मधोमध दोन तुकडे करायचे आणि मग तो चिंध्यांत टाकायचा. सुट्टी झाली की गेटवर सगळ्यांच्या पिशव्या आणि डबे तपासले जात. माझीही बॅग तपासत. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

कारखान्यातले माग बिघडले की दुरुस्त करणारे एक जॉबर होते, पन्नाशी उलटलेले. घर तेलुगू, पण सगळं आयुष्य सोलापुरात आणि मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे मराठी इथलीच, आणि आवाज कायम चढलेला. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो.

एकदा जर्मनीतल्या ग्राहकाकडून तक्रार आली. चार-सहा धुण्यांतच टॉवेलाचे लूप, म्हणजे वरचे धाग्यांचे वेढे, ओढले जातायत, पुढची ऑर्डर थांबवतोय. मालकांचं म्हणणं, दोष आपल्याकडे नाही. ग्राहकानं कळवलं, माणूस पाठवा आणि आमच्या लॉन्ड्रीत येऊन बघा. त्याच सुमारास मालक तिकडे एका प्रदर्शनाला जाणार होते. त्यांनी मामांचा पासपोर्ट घाईनं तयार करून घेतला आणि दुभाषा म्हणून मला बरोबर घेतलं. ते स्वतः प्रदर्शनाच्या शहरात थांबले, आम्हा दोघांना रेल्वेनं लॉन्ड्रीच्या गावी पाठवलं.

ग्राहकानं आमची सोय त्यांच्याच एका हॉटेलात केली होती. मामा खोलीत आले आणि बूट काढून थेट न्हाणीघरात गेले. दोन मिनिटांनी हाक आली, "ए, हिकडं ये की."

दांडीवर आमचेच टॉवेल होते. मामांनी काठ उलटा करून अंगठ्यानं चाचपला. "बारा नंबरचा माग," ते म्हणाले. "त्याचा काठ जरा घट्ट येतो." खाली एक टॉवेल फरशीवर अंथरलेला होता, पाय पुसायला. तो त्यांनी उचलला, झटकला आणि खुर्चीवर ठेवला.

आरशाजवळ एक लहानसं कार्ड होतं. मामांनी विचारलं, "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. पाणी वाचवा. टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर ठेवा, नको असेल तर खाली टाका, आम्ही रोज बदलून देतो.

मामा खिडकीशी गेले. खाली नदी वाहत होती, दोन्ही काठ भरून. "हितं पान्याची टंचाई हाय का?"

"नाही. वीज, साबण, सगळ्याचीच बचत म्हणून."

"मग रोज बदलतात कशाला?"

मी कार्ड होतं तिथं ठेवलं. आमच्या घरी तेव्हा चार-पाच दिवसांनी नळ यायचा. मामांच्या वस्तीत नळाला पाणी आलं की अर्धी गल्ली कामावर उशिरा पोचायची. हे दोघांनाही ठाऊक होतं. तिथल्या तीन दिवसांत मामांनी एकच टॉवेल वापरला आणि बाकीचे कपाटात ठेवून दिले.

लॉन्ड्री म्हणजे आमच्या कारखान्याएवढीच मोठी शेड. एका माणसाला आत उभं राहता येईल अशी धुलाईची यंत्रं. सुपरवायझर उंच, हसतमुख. त्यानं खराब झालेले टॉवेल समोर ठेवले. मामांनी ते बघितलेही नाहीत. म्हणाले, "कुठल्या मशीनात धुतलेत तेवडं विचार."

यंत्र बंद करून घेतलं. मामांनी हाताला कोरडा टॉवेल गुंडाळला आणि खांद्यापर्यंत आत वाकून ते हात आतल्या भोकाभोकांच्या पत्र्यावरून सावकाश फिरवायला लागले. बराच वेळ गेला. सुपरवायझर घड्याळ बघत होता. मग टॉवेल एके ठिकाणी अडकला. पत्र्याच्या एका भोकाची कड उचकटली होती, नखाएवढी.

"हे बग," मामा म्हणाले. "आमचा धागा न्हाय, ह्यांचा पत्रा."

सुपरवायझरनं स्वतः हात घालून पाहिलं आणि मामांशी हस्तांदोलन केलं. तक्रार तिथंच मिटली.

धुऊन आलेल्या टॉवेलांची छाननी करायला तिथं एक बाई होती. चाळिशीची असेल, इथिओपियातून आलेली. ती एकेक टॉवेल उजेडात धरायची आणि काही बाजूच्या ढकलगाडीत टाकायची. मामा गाडीपाशी गेले आणि एक टॉवेल उचलला. कोपऱ्यात फिकट डाग होता, चहाचा असेल. दुसऱ्याचा एक धागा सुटलेला.

"हे खराब हायेत?"

मी बाईला विचारलं. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, मोजकं. म्हणाली, खराब नाहीत, पण पाहुण्यांना चालत नाहीत, चिंध्या होतात.

मग तिनं मला विचारलं, "हे बनवणारा हाच का? याच्या घरी असे किती आहेत?"

मी मामांना सांगितलं. ते हसले. "एक पन न्हाय म्हनून सांग. गेटवर झडती घेतात म्हनावं."

ते ऐकून बाईही हसली. भिंतीला टांगलेल्या स्वतःच्या पिशवीकडे तिनं बोट दाखवलं. "आमचीही घेतात."

सुपरवायझरनं विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं. तो म्हणाला, अरे, हवे तेवढे घेऊन जा, हा तर कचरा आहे. मामांनी निवडून सहा काढले. बाईनं ते घडी घालून कागदात बांधून दिले. निघताना मामा मला म्हणाले, "तिला इचार, तिला कवा देतात का?"

मी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. मामांनी पुडक्यातले दोन काढून तिच्यापुढे धरले. तिनं सुपरवायझरच्या पाठीकडे एकदा बघितलं, टॉवेल घेतले आणि गाडीत परत टाकले. मग दोन बरे बघून पुन्हा आमच्या पुडक्यात घातले. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्याच्या लक्षातही आलं नसावं.

आम्ही परत आलो. ऑर्डर चालू झाली. मालकांनी मामांना सगळ्यांसमोर शाल दिली. त्यानंतर महिनाभरानं एका सकाळी मॅनेजरनं मामांना ऑफिसात बोलावलं. चेकिंगमधल्या कुणीतरी त्यांच्या दारात दोरीवर हॉटेलच्या नावाचे टॉवेल वाळत घातलेले पाहिले होते.

"हे आले कुठून?" मॅनेजरनं विचारलं.

"तितनं दिले, परदेशातनं. ह्या पोराला इचारा."

मला आत बोलावलं. मी जे घडलं ते सांगितलं. मॅनेजर म्हणाले, "काही कागद आहे का?" कागद नव्हता. मी म्हणालो, त्या सुपरवायझरला मेल करून विचारतो. त्यावर ते चिडले. "ग्राहकाला काय लिहिणार? आमचा माणूस तुमच्या चिंध्या मागून आला? मालकांची अब्रू आहे काही. मेल करायचा नाही." मालक पुन्हा बाहेरगावी होते. चौकशी होईपर्यंत मामांना घरी बसायला सांगितलं.

मी मेल केला नाही. तीन दिवस रोजची कागदपत्रं केली. या तीन दिवसांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मला नोकरी घालवायची नव्हती, एवढंच.

चौथ्या दिवशी, रविवारी, मामांच्या घरी गेलो. दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिलाई मशीन. त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि पंधरा दिवसांची नात जर्मनीहून आणलेल्या टॉवेलांपैकीच एकात गुंडाळून निजवली होती. मामी चहा ठेवून आत गेल्या. तीस वर्षं त्या गेटमधून मामांनी पिशवी उघडी करून दाखवली होती. मी निघताना एवढंच म्हणाले, "तू व्हतास की तितं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी मी माझ्या स्वतःच्या मेलवरून सुपरवायझरला लिहिलं. तासाभरात उत्तर आलं. हो, अर्थातच, सहा टॉवेल मीच दिले, ते टाकाऊ होते, काही अडचण आहे का? आणि त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा. मी त्याची प्रत काढून मॅनेजरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. मला म्हणाले, "सांगितलं होतं ना नाही म्हणून?" प्रत त्यांनी घडी घालून खणात टाकली. "उद्यापासून येऊ दे त्यांना," ते म्हणाले. "पण नाव असलेला माल गावात फिरता कामा नये. ते टॉवेल इथं आणून कापायचे. नियम सगळ्यांना सारखा."

दुसऱ्या दिवशी मामा टॉवेल घेऊन आले. धुतलेले, घडी घातलेले, पिशवीत. चेकिंगच्या टेबलाभोवती माणसं जमली. मॅनेजरनं कात्री पुढे केली तेव्हा मामा म्हणाले, "मीच कापतो." जाड टॉवेल कापायला जोर लागतो. त्यांनी सरळ रेषेत कापले, एकेक करून, आणि तुकडे नीट रचले.

मॅनेजर म्हणाले, "हे पाच झाले. मेलमध्ये सहा लिहिलेत."

मामांनी वर बघितलं नाही. सहावा कुठं होता ते मला माहीत होतं. मामींनी दिला नसणार.

"एक विमानतळावर काढावा लागला, सर," मी म्हणालो. "सामानाचं वजन जास्त झालं होतं."

मॅनेजरनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरं," आणि आत गेले. त्यांना पटलं होतं की पुढची चौकशीच नको होती, ते मला सांगता येणार नाही. मामा मागांकडे गेले.

त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले. "त्या बाईला एक चिठ्ठी लिवायची हाय. नातीला टावेल बरा चाललाय म्हनून कळवू. तिनंच घडी घातलेली की."

आम्हाला तिचं नाव माहीत नव्हतं. विचारायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. मी सुपरवायझरला लिहिलं, त्या दिवशी छाननीला होत्या त्या बाईंना हा निरोप द्याल का. उत्तर यायला या वेळी आठ दिवस लागले. त्याचा सूर पूर्वीसारखाच चांगला होता. त्या बाई ठेकेदाराकडून आल्या होत्या, तो ठेका बदलला, आता नवीन माणसं आहेत. त्या कुठं गेल्या याची नोंद नाही. बाळाला शुभेच्छा.

मी मामांना वाचून दाखवलं.

"कुटं गेली आसंल?"

"त्याला माहीत नाही म्हणतो."

"दुसऱ्या कुनाला म्हाईत आसंल की. इचार परत."

मी व्हय म्हणालो. मग त्या महिन्यात तीन कंटेनर लागले, कागदपत्रांची गर्दी झाली, आणि मी विचारलं नाही. मामांनी दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा दिली नाही.