ओळंब्यातलं तळं

मिस्त्री पहाटे चारला उठत. विटा नीट भिजल्यात की नाही, हे कामावर जाऊन स्वतः बघत, कारण माझ्यावर भरवसा नव्हता. मी त्यांचा बिगारी. उभी हयात त्यांना माल कालवून दिला. ओळंब्याचा दोरा सोडल्यावर भिंत केसभर जरी बाहेर दिसली, तरी पाडायला लावत. पाठीमागे सगळे त्यांना 'ओळंबा' म्हणत. हे त्यांच्या कानावर होतं आणि त्यांना आवडतही असावं.

काम सुटलं, चारची जाग सुटली नाही. त्यातच त्यांच्या बायकोचे, आमच्या वहिनींचे, गुडघे गेले. दिवसभर त्या मागच्या खिडकीशी खुर्चीत. मागे परस, पलीकडे ओढा.

"भिंती बघून बघून डोळे विटले माझे," त्या म्हणाल्या. "हलतं काहीतरी दाखवा. पाखरू, बेडूक, काहीही."

मिस्त्रींचा मला निरोप आला: फावडं घेऊन ये.

परसात तळं करायचं, पण ओढा अडवायचा नाही, हे आधीच ठरलं. अडवला तर पुरात सगळं वाहून जातं आणि खालचे लोक शिव्या घालतात ते वेगळंच. वरच्या वळणावर काठ फोडून अरुंद पाट काढला. तोंडाशी चपटे दगड रचले, म्हणजे हवं तेवढंच पाणी आत. जादा झालेलं खालच्या अंगाने परत ओढ्यात. खड्ड्याला वर माती सुटी लागली, खाली मुरूम. मुरमात फावडं चालत नाही, पहार लागते. आमच्या वयात पहार म्हणजे चार घाव आणि एक बसकण.

मग मिस्त्रींच्या अंगात मिस्त्री आला. चारी बाजूंनी उभ्या भिंती, सिमेंटचा गिलावा, घोटाई अशी की तोंड दिसावं. मीही मुकाट्याने माल कालवला. साठवलेलं पाणी म्हणजे टाकी, दुसरं आम्हाला ठाऊकच नव्हतं.

पाणी भरलं. बरेच दिवस कोणी फिरकलं नाही. मग एका सकाळी डुबुक आवाज झाला आणि नंतर नुसती धडपड.

"भावजी, उभं करा मला," वहिनी म्हणाल्या. माझ्या खांद्यावर भार टाकून त्यांनी बाहेर पाहिलं. बेडूक भिंतीवर चढायला जाई आणि घसरून पडे.

"अहो, हे तळं नाही, तुरुंग आहे."

"गिलावा बघ की! एक भेग दाखव."

"भेग असती तर वर आला असता बिचारा."

मिस्त्रींनी घमेल्याने बेडूक काढला. दुसऱ्या दिवशी पाणी उपसून छिन्नी-हातोडा घेऊन तळ्यात उतरले. वाकड्या भिंती त्यांनी खूप पाडल्या होत्या, सरळ ही पहिलीच. पहिला घाव स्वतः घातला. टवकासुद्धा उडाला नाही.

"इतका पक्का माल कुणी कालवला होता रे?"

"मीच."

"गाढवा!" म्हणाले, आणि हसले.

सगळं फोडून बाहेर टाकलं. कडा परातीसारख्या पसरट केल्या. ओढ्याच्या वळणावरची चिकणमाती घमेल्याने आणली, पायांनी तुडवून तळाला बसवली. काठाला ओढ्यातलंच गवत, मुळाच्या चिखलासकट. पोटऱ्या आठवडाभर बोलत होत्या.

या खेपेला आमंत्रण लागलं नाही. आधी चतुर आले, मग बेडूक, मग एक बगळा मालकासारखा येऊन उभा राहिला.

"मान दिसते हो," खुर्चीतून वहिनी ओरडल्या, "पाय कुठायत?"

खिडकीखालची भिंत उंच होती. ती मिस्त्रींनीच बांधलेली, अर्थात ओळंब्यात.

पुढच्या दर्शनी भिंतीला घडीव दगड लावायचा म्हणून त्यांनी जन्मभर मजुरीतून पैसा बाजूला ठेवला होता. येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून बघावं अशी भिंत. तो सगळा पैसा मागच्या बाजूला गेला: खिडकीखालची भिंत फोडली आणि जमिनीपर्यंत काचेची खिडकी बसवली.

चौकट बसल्यावर मिस्त्री बाहेर उभे राहून दोरा सोडून बघत होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, तो ओळंबा काढा आधी. बगळ्याच्या पायांवर येतोय!"