बाबांच्या रक्तातले ठिपके

भंडाऱ्याबाहेरच्या आमच्या प्रयोगशाळेत कॅन्सरवर काम करणारे संशोधक ठिकठिकाणाहून नमुने घेऊन येतात. मशीन एकच, सगळ्यांनी मिळून वापरायचं. ते चालवते मी. रक्तातल्या पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात आणि पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो. एका संशोधकाला तुलनेसाठी साठीपुढच्या निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. त्याच दिवशी बाबा पवनीहून एका दुकानदाराला कापड द्यायला आले होते. ते अजूनही हातमागावर बसतात.

"मंग माह्यं घे ना," ते म्हणाले. "मले काय रोग आहे?"

संमतीचा फॉर्म मीच भरला. काही वेगळं आढळलं तर कळवायचं का, असा त्यात एक प्रश्न होता. त्यांना न विचारताच मी 'हो'वर खूण केली. त्यांनी न वाचता सही केली.

दुपारी बाराच्या सुमारास पडद्यावर ठिपके जमू लागले. रोगांशी लढणाऱ्या बी पेशींच्या बाजूला एक दाट पुंजका दिसला. निरोगी माणसाच्या या पेशींत दोन प्रकार मिसळलेले असतात. या पुंजक्यातल्या सगळ्या एकाच प्रकारच्या होत्या, एकाच पेशीची पिलावळ असावी तशा. असे पुंजके मी शेकड्यांनी पाहिले होते, पण ते सगळे रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांचे. आधी वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. नळीवरचा नंबर पाहिला. पुन्हा पाहिला. माझ्याच अक्षरात होता.

मॅडमना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, बोलावलं. त्यांनी पडद्यावरचा पुंजका पाहिला.

"याच नमुन्याची दुसरी नळी चालव. नवीन रसायन घे."

चालवली. पुंजका तिथेच.

"हे निदान नाही," मॅडम म्हणाल्या. "रक्ततज्ज्ञाने तपासल्याशिवाय याला नाव द्यायचं नाही. कोणाचं आहे हे?"

मी सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं.

बाबा बाहेर व्हरांड्यात डबा खात होते. मी समोर बसले. घास घेताना ते मान वळवत, तेव्हा मी जबड्याखाली गाठ दिसते का ते बघत होते. शर्टाला सुताचा धागा चिकटलाय असं सांगून मी त्यांच्या मानेवरून हात फिरवला. बोटांना काही लागलं नाही.

"काय पाहून राहिली व बाई?"

"काही नाही."

"तुह्या मशीननं काय सांगतलं?"

खोटं ओठांवर आलं होतं. पण रात्री घरी जाऊन ते आईला 'सगळं ठीक' म्हणून सांगतील आणि सहा महिन्यांनी उशीर झालेला असेल, हे सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मी सांगून टाकलं. एक पुंजका दिसलाय, तो कशाचा ते माहीत नाही, नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. फॉर्मवरची खूण मीच केली, हेही सांगितलं.

ते डब्याचं झाकण लावत राहिले. बसत नव्हतं.

"तू मले विचारलं काहून नाई?"

"चुकलं, बाबा."

"विचारलं असतं तं मी नाईच म्हटलं असतं." मग म्हणाले, "कॅन्सर आहे का?"

"माहीत नाही."

ते उठले आणि नळावर हात धुवायला गेले. पाठमोरे असताना त्यांनी स्वतःच गळा चाचपून पाहिला.

नागपूरच्या तपासण्यांना तीन आठवडे लागले. त्या दिवसांत मी रोज मशीन चालवलं, अनोळखी माणसांचे ठिपके मोजले आणि एकेका नळीमागे कोणाचे तरी आईबाप बसलेले दिसू लागले. जेवण जात नव्हतं. आईला बाबांनी काही सांगितलं नव्हतं; ती फोनवर विचारायची, "तुह्या बाबाले झालं काय? मागावर बसतेत अन् पाय हालवत नाईत."

शेवटी डॉक्टरांनी अहवाल समोर ठेवला. विचित्र पेशी आहेत, पण थोड्या. गाठी नाहीत, बाकीचं रक्त ठीक. आज याला कॅन्सर म्हणता येत नाही. पुढे काहींना होतो, बहुतेकांना होत नाही. औषध नाही. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं.

"म्हणजे बरा आहो मी?" बाबांनी विचारलं.

"आज बरे आहात," डॉक्टर म्हणाले.

तो 'आज' आमच्या घरात राहायला आला आहे. आतापर्यंत चार तपासण्या झाल्या, चारही ठीक. पण तारीख जवळ आली की बाबा बोलेनासे होतात आणि माझी झोप उडते. तुलनेसाठीचे निरोगी नमुने मी आता चालवत नाही. मॅडमनी ते काम दुसरीला दिलं. मागच्या आठवड्यात बाबांना ताप आला. साधाच होता, दोन दिवसांत उतरला. त्या दोन दिवसांत मी त्यांना अकरा वेळा फोन केला. शेवटच्या वेळी ते ओरडले, "जिवंत आहो ना मी! काहून भेववून राहिली मले?"