बसगाड्या मोजणारे नानासाहेब

उस्मानपुऱ्यातल्या नानासाहेबांना शेअरबाजारातलं लई कळायचं. शेअर मात्र जन्मात एक घेतला नव्हता. पोहण्यातलं सगळं ठाऊक, फक्त पाण्यात पाय घालायचा राहिलेला, असा गडी.

दोन हजार आठ साली बाजार कोसळला तशी नानांना पालवी फुटली. त्यांच्या बायकोची, आशाबाईची, खुलताबादकडची माहेरची जमीन नुकतीच विकली होती. चार लाख आले, ते बँकेत तिच्या नावावर. बाजार अगदी तळाला गेला की ते लावायचे अन् तिप्पट करायचे, असा नानांचा बेत. आशाबाई हो म्हणाली होती. नवऱ्याच्या हातून म्हातारपणी एक तरी काम होईल, अशी बिचारीला आशा.

पण तळ वळखायचा कसा? व्याजदर वाढले तेव्हा नाना म्हणाले, अजून पडणार. पुढं व्याजदर उतरवले तर म्हणाले, सरकार घाबरलंय, अजून पडणार. खरी खूण त्यांची स्वतःची होती. रोज सकाळी गयासच्या हॉटेलात बसून चिकलठाण्याला कामगार नेणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या मोजायच्या. मंदीच्या आधी चौदा जायच्या. त्या चारवर आल्या की समजायचं, आला तळ. एक बस घटली की नानांचं तोंड असं खुलायचं, जसा काय घरात पाळणा हलला. त्या बसमधली माणसं कुठं गेली, हे त्यांनी कधी इचारलं नाय. गयास चहा ठेवता ठेवता म्हणायचा, "नानासाब, बसां गिनरे की जनाजे?"

पुढच्या वर्षी मार्चात बस सहावर आल्या, सेन्सेक्स आठ हजारावर. आता तरी लावा, आशाबाई म्हणाली. नाना म्हणाले, अजून दोन बस थांब.

त्याच आठवड्यात त्यांचा पोरगा बन्सी भर दुपारी घरी आला. चिकलठाण्यातच कामाला होता. डबा तसाच भरलेला. त्याला कामावरून काढलं होतं. खाली मान घालून तो उंबऱ्याशीच बसला. आशाबाई पाणी घेऊन आली. नाना चष्मा सावरत पुढं सरकले.

"किती जणांला काढलं?"

"सत्तर."

"फकस्त सत्तर?" नाना हिरमुसलेच. "एकच बस कमी झाली म्हन की. अजून तळ नाय."

दुसऱ्या दिवशी आशाबाई पोराला घेऊन बँकेत गेली, सगळा पैसा काढला अन् त्याला मालाची रिक्षा घेऊन दिली. ती बँकेत निघाली तेव्हा नाना दारात आडवे झाले, तिप्पट होणार होते म्हणाले.

"तुम्ही बसा मोजत," ती म्हणाली, अन् त्यांना वलांडून गेली.

बाजार त्याच महिन्यात फिरला. दिवाळीपर्यंत दुप्पट. बस तेव्हाही पाचच जात होत्या.

आशाबाई सातवी शिकलेली, पेपर तिला चांगला वाचता येतो. तरी रोज रात्री तो नानांच्या ताटाशेजारी ठेवती. मार्चातला भाव काय होता अन् आज काय हाय, ते नानांनी बन्सीच्या देखत मोठ्यानं वाचायचं. वाचून झाल्याबिगर ताटात भाकर पडत नाय.